कड्यातला सडा

माझ्या नाकावर राग बसलेला असतो, हे बालाघाटात आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. आई म्हणायची, "ही पोरगी बोलते का चावते, तेच समजत नाई." त्यामुळे एम.एस्सी. झाल्यावर मला जी नोकरी लागली तिच्यात माणसांशी फारसं बोलायचं नाही, शेतात बसून एका पेटीकडे पाहत राहायचं, हे कळल्यावर वडिलांनी हनुमानाला नारळ फोडला. वडील सिंचाई विभागात बाबू होते. नारळ फोडून घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "पर त्या पेटीत हाय काय?"

पेटीत काहीच नव्हतं, तीच तर गंमत. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि बाहेरच्या देशांतले लोक म्हणत होते की हिंदुस्थानातल्या धानाच्या शेतांतून इतका वायू निघतो की साऱ्या पृथ्वीची हवा तापते. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, महिनोन्‌महिने पाणी साचलेलं असतं, खालच्या चिखलाला वारा लागत नाही, आणि त्या चिखलातले डोळ्यांना न दिसणारे जीव कुजकं खाऊन मिथेन नावाचा वायू सोडतात, एवढं खरं होतं. पण किती सोडतात ते आपलं आपणच मोजलेलं बरं, असं एका मोठ्या संस्थेनं ठरवलं, आणि त्या मोजणीचा एक तुकडा आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आला.

काम असं होतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला की बांधीतल्या चिखलात पत्र्याचं एक चौकोनी कडं दाबून बसवायचं. कड्याच्या आत धानाची थोडी रोपं. मोजायच्या दिवशी त्या कड्यावर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची आणि कडेच्या खाचेत पाणी भरायचं, म्हणजे आतली हवा आत, बाहेरची बाहेर. मग थोड्या थोड्या वेळानं पेटीच्या टोपणात सुई खुपसून आतली हवा ओढायची आणि काचेच्या बाटलीत भरायची. चिखलात पाय टाकायची बंदी होती. पाय पडला की खालचे बुडबुडे सुटतात आणि आकडा खोटा येतो. म्हणून धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, कड्यापर्यंत लाकडी फळी टाकलेली, तिच्यावर पाण्यातल्या बगळ्यासारखं बसायचं. बाटल्या मोजणीवरच्या आमच्या साहेबांच्या हवाली केल्या की साहेब त्या दूरच्या प्रयोगशाळेत पाठवत.

गावातल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात या सगळ्याचं सार काढलं. बांधी पादते आणि सरकार ते बाटलीत भरून दिल्लीला नेते. बायका रोवण्यावरून परत जाताना पदर तोंडात कोंबून हसायच्या. एकीनं तर मला थांबवून विचारलं, "काय वो मॅडम, माणसाचं बी मोजतेत का? आमच्या घरी लय निंगते." मी रागानं पाहिलं आणि मग मलाच हसू आलं.

ती बांधी माझ्या ताईच्या सासऱ्यांची होती. वारासिवनीहून कटंगीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीनं मधल्या एका ठेसनावर उतरायचं आणि कालव्याच्या पाळीनं चालत जायचं, असं ते गाव. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात. ताईचे म्हणून ते माझेही मामाजी. भाऊजी तिरोडीच्या खाणीत कामाला होते, आठवड्याच्या सुटीला घरी यायचे. बाकीचे दिवस घरात मामाजी, आत्याबाई आणि ताई.

ताई बी.ए. झालेली. माझ्यासारखी तोंडाळ नाही. तिला कोणी दोन शब्द लावून बोललं तर ती तिसरा शब्द आपणच आपल्याला लावून घेणारी. त्या घरात तिच्या शिकण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. मामाजींना वाटायचं शिकलेली सून म्हणजे दिवाणखान्यातलं घड्याळ, चालू असलं तरी ठीक, बंद पडलं तरी ठीक. आत्याबाई तर अक्षरशत्रू. अंगठा लावायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गोठ्यात जायच्या, आणि दिवसभरात ताईशी जेवढं बोलायच्या ते सगळं आज्ञार्थी. मला त्या बाईचा तेव्हा भयंकर राग यायचा. ताईला म्हणायचे, "तू काहून ऐकून घेते तिचं?" ताई म्हणायची, "जाऊ दे वो. तिचा आवाजच तसा हाय."

कडी बसवायला बांधी पाहिजे होती, हंगामभर पाणी धरणारी, रस्त्याजवळची, आणि मालक कटकट न करणारा. मी ताईला सहज बोलले. ताईनं धीर करून मामाजींना विचारलं. लग्नानंतर तिनं त्या घरात काही मागितलं ते हेच पहिलं.

मामाजी आधी भडकले. "आमच्या धानानं दुनिया तापते म्हन्ते? आन् त्याइच्या मोटारी काय थंडावा देतेत?" मी म्हटलं, "मामाजी, तेच तर मोजायचं हाय. तुमच्या बांधीनं कमी दिलं तर त्यांची तोंडं बंद." हे ऐकल्यावर ते सपरीत, म्हणजे ओसरीत, दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, "मंग माहीच बांधी घ्या. बोडीखालची. गावात तिच्यासारखी दुसरी नाई." बोडी म्हणजे गावचं छोटं तळं.

त्या दिवसापासून त्या घराचा नूरच बदलला. आठवड्यातून एकदा जीप यायची. साहेब उतरायचे, मागून मी पेटी घेऊन. सपरीत खाटेवर नवी चादर, चहा, वर चिवडा. वारासिवनीच्या बाजारात मामाजी भेटेल त्याला सांगायचे, "हमारी बहू की बहन साइंटिस्ट है." मी होते तात्पुरती सहायक, पण त्यांना कोण सांगणार. आणि साहेब निघाले की ते आत वळून ताईला हाक मारायचे, "सूनबाई, तुह्या बहिणीचे साहेब खूश होऊन गेले." माहेरून काही आणलं नाही म्हणून जिला कोणी उघड टोचलं नव्हतं पण मनातून टोचत होते, त्या ताईच्या माहेरचं हे पहिलं काही त्या अंगणात मिरवत होतं. ती त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसायची. हसायची. लग्नाआधी हसायची तशी.

त्या वर्षी शिक्षाकर्मींची, म्हणजे कंत्राटी शिक्षकांची, भरती निघाली. गावच्याच शाळेत जागा होती. ताई किती दिवस मनात घेऊन बसली होती कोण जाणे. एके दिवशी जीप गेल्यावर मामाजी खुशीत असताना तिनं विचारलं, आणि मामाजी म्हणाले, "एक बहीण जीपमंधी फिरते, मंग दुसरीनं शाळेत जाले का हरकत हाय? भरजो फारम." मला तिनं ही गोष्ट धुऱ्यावर उभी राहून सांगितली. सांगताना तिचे ओठ थरथरत होते. मी म्हटलं, "अवो रडते काहून?" म्हणाली, "रडून नाई राह्यली. तू तुयी पेटी पाय."

आणि मग प्रयोगशाळेतून आकडे आले.

बालाघाटजवळच्या एका सरकारी फार्मवर आमची तशीच कडी होती. तिथले आकडे सरळ, शहाण्या मुलासारखे. मामाजींच्या बांधीतले आकडे मात्र आठवड्यागणिक चढत गेलेले. फार्मच्या कितीतरी पट. धान तेच, पाणी तेच, खत तेच, आणि वायू मात्र भलताच. साहेब जातीनं काटेकोर माणूस. बोलायचे हळू, पण असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला उभं करून झडती घेतायत. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, "पाँव तो नहीं रखतीं कीचड़ में? सुई ठीक से लगाती हैं? बोतलें आपस में बदल तो नहीं गईं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सर, मी काही काल जन्मले नाही." ते मराठीत बोलले गेले, पण त्यांना अर्थ समजला असावा. म्हणाले, "या तो नाप ग़लत है, या खेत. खेत झूठ नहीं बोलता." म्हणजे खोटी कोण उरली? मी. चोर सोडून संन्याशाला फाशी. ते असंही म्हणाले की असे आकडे वर गेले तर बाहेरचे लोक म्हणत होते तेच खरं ठरेल, आणि वर पाठवायचे नाहीत तर न पाठवण्याचं कारण पाहिजे. कारण शोधा, म्हणाले.

मी कारण शोधायचं ठरवलं. मोजणीच्या आदल्या संध्याकाळीच छोट्या गाडीनं ताईकडे गेले. मनात संशय होता तो वरच्या बांधीवाल्यावर. त्यानं युरिया टाकून पाणी खाली सोडलं असेल, किंवा म्हशी घातल्या असतील. सकाळी उजाडताच बांधीवर जाऊन बसायचं आणि जो सापडेल त्याला सोलून काढायचं, असा माझा बेत होता.

पण मी उठले तेव्हा बाजूचं अंथरूण रिकामं होतं. बाहेर आले. दारात ताजा सडा पडलेला, रांगोळी घातलेली. गोठ्यात आत्याबाई शेण भरत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी बांधीकडे निघाले. धुकं होतं. बोडीच्या पाळीवरून पाहते तर ताई. हातात बादली. धुऱ्यावर वाकून, ओंजळीनं, घरच्या अंगणात टाकावा तसा शेणाचा सडा टाकत चालली होती. साहेबांची जीप थांबते तिथपासून फळीपर्यंत. मग ती फळीवर चढली, अनवाणी, जपून, एकही पाय चिखलात पडू न देता, मी शिकवलं होतं तशी. आणि बादलीत उरलेला सगळा शेणकाला तिनं कड्यात ओतला. एका कड्यात, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या.

इतके दिवस त्या चिखलातल्या जिवांना आम्ही उपाशीपोटी मोजतोय असं समजत होतो, आणि माझी सख्खी बहीण त्यांना दर आठवड्याला पंगत वाढत होती! शेण म्हणजे त्यांचं पक्वान्न. त्यांनी वायू सोडला नसता तरच नवल.

मी ओरडले ती अशी की बोडीवरचे बगळे उडाले. "ताई! काय करून राह्यली तू?"

ती दचकली, पण हसलीच. "साहेब येतेत ना आज. पाहुण्याची वाट, सडा नको का?"

"आन् कड्यात? कड्यात काहून ओतलं?"

"उरलेला सडा कोणी नालीत टाकते का? झाडाच्या मुळाशी घालतेत. आपली आई नाई का तुळशीले घालत? आन् कड्यातलं धान पिवळं पडून राह्यलं होतं तुह्या पेटीनं. साहेब लोग तेवढंच वाकून वाकून पाह्यतेत. मामाजीची बांधी, लोकाइनं नाव नको ठेवाले." मग माझा चेहरा पाहून तिचा आवाज बारीक झाला. "काय झालं? चुकलं का काई?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आणि रागात सांगितलं. आकडे, साहेब, माझ्यावरचा संशय. बी.ए. झाली तू, तुला एवढं कळलं नाही का, हेही सांगितलं. ती फळीवरच खाली बसली. बादली पाण्यात कलंडली. मोठ्यानं रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "मामाजीले नको सांगू. फारम अजून भराचा हाय."

एवढंच होतं सगळं. तिला काळजी आकड्यांची नव्हती, पृथ्वीच्या हवेची नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. मामाजींनी "हौ" म्हटलं होतं ते जीपच्या भरवशावर. त्या जीपचा अपमान तिच्या हातून झालाय हे समजलं की "शिकलेल्या पोरीची अक्कल पायली" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं असतं, आणि त्यांनी एकदा लावलेलं दार कोणी उघडलेलं त्या गावानं पाहिलं नव्हतं.

मी काय करणार होते? खोटी बाटली भरून द्यायची माझ्याच्यानं होणार नव्हतं. एक तर माझ्यावरच आळ, आणि दुसरं म्हणजे त्या आकड्यांवर आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या धानवाल्यांच्या नावानं कोणीतरी कुठेतरी बोट दाखवणार होतं. मी ताईला म्हटलं, "शेण पडलं हे सांगा लागनच. कोणी टाकलं ते नाई सांगत." तिनं मान हलवली. आम्ही दोघी घरी आलो तेव्हा मला माहीत होतं की ही तडजोड चहा पिऊन होईपर्यंतही टिकणार नाही.

नाहीच टिकली. जीप आली, साहेब उतरले. मी पेटी खाली घेऊच दिली नाही. म्हटलं, सर, आज मोजायचं नाही, कड्यांत शेण आहे, आजचंच नाही, आधीपासूनचं. साहेब बांधीवर गेले, फळीवर उकिडवे बसले, पाण्यात बोट घालून वास घेतला. धुऱ्यावरचा सडा पाहत परत येऊन सपरीतल्या खाटेवर बसले पण चहाला हात लावला नाही. मामाजींना म्हणाले, "आपके घर से ही किसी ने डाला है. रोज़ के हाथ का काम है." रागानं नाही म्हणाले. पण "आपके घर से" हे शब्द ऐकताच मामाजींचा चेहरा असा झाला की जणू कोणी भर बाजारात त्यांचा फेटा उडवला.

ते अंगणात उभे राहिले. "कोणी टाकलं?"

शेतावरचा गडी म्हणाला, मी नाही. ताई स्वयंपाकघराच्या दारात, हातात पितळी तशीच. तिचे डोळे माझ्याकडे. माझं तोंड उघडलं होतं. मी काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. तिचं नाव घेणार होते, माझं घेणार होते, की उलट मामाजींवरच तोंड टाकणार होते.

"म्या टाकलं."

आवाज गोठ्याकडून आला. आत्याबाई. लुगड्याचा काष्टा खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. "पाहुण्याच्या जागी सडा टाकाले काय विचारा लागते? म्या टाकला. उरला तो धानात ओतला. मले काय मालूम तुमचं मशीन."

मामाजी तिच्यावर असे तुटून पडले की साहेबही खाटेवरून उठले. अक्कल हाय का तुले, साऱ्या गावात नाक कापलं माहं, अडाणी ते अडाणीच, अंगठेबहाद्दर, शेणातच जन्मली आन् शेणातच मरशीन. मग साहेबांकडे वळून हात जोडले, "अनपढ़ है साहब. माफ़ करना. हमारे यहाँ की औरतें ऐसी ही हैं." आत्याबाई गोठ्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पदर डोक्यावर ओढायलाही त्यांचे हात मोकळे नव्हते.

आणि मग, त्याच संतापात, मामाजी ताईकडे वळले. "सूनबाई, तू आजच्या आज फारम भर. या घरात एक तं शिकलेली पायजे. नाई तं ही अशीच अब्रू घालवन."

ताईच्या हातून पितळी पडली.

साहेबांनी मामाजींच्या खांद्यावर हात ठेवला, समजावलं. आकडे रद्द करू म्हणाले, तुमच्या शेताचं नाव कुठे येणार नाही. त्यांनी तसं केलंही. सारा हंगाम एका ओळीनं रद्द झाला. कडी उपटून जीपमध्ये टाकायला सांगितली. मी ती धुवायला गोठ्याजवळच्या हौदावर गेले. आत्याबाई तिथे हात धूत होत्या. मी त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा नीट बोलले.

"आत्याबाई, तुमाले मालूम होतं ना?"

"दर आठवड्याले बादली कोणी नेली ते मले मालूम नाई होत का? शेण माह्या गोठ्यातलं हाय."

"मंग कायले घेतलं अंगावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नखातलं शेण काढत म्हणाल्या, "तिले शाळेत जायाचं हाय. मले कुठी जायाचं हाय? आन् मले अडाणी म्हन्ला तं काय खोटं म्हन्ला? तिले म्हन्ला असता तं तिची शाळा गेली असती." मग कड्याकडे बोट दाखवून, "ते नीट घास. कोपऱ्यात राह्यलं." पुन्हा आज्ञार्थी. मी कोपरा घासला. मला रडू आवरेना, आणि आपण या बाईचा इतका राग राग केला म्हणून आणखीच राग आला.

फार्मवरची मोजणी हंगाम संपेपर्यंत चालली, मग माझी नोकरीही संपली. ताई शिक्षाकर्मी झाली. सकाळी डबा घेऊन शाळेत जायची, आणि तिचा डबा आत्याबाई भरायच्या. शेणाच्या गोष्टीबद्दल त्या दोघी आपसात काय बोलल्या, की बोलल्याच नाहीत, मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की मामाजींना मात्र ती गोष्ट सापडली. राग उतरल्यावर ती त्यांना गमतीची वाटायला लागली. लग्नात, बारशात, पोळ्याच्या जेवणावळीत, चार माणसं जमली की ते सुरू करायचे. दिल्लीचे साहेब, लाखाचं मशीन, आणि आमच्या बुढीनं त्यात घातलं शेण! लोक पोट धरून हसायचे. आत्याबाईही हसायच्या, पदर तोंडाला लावून. आणि ताई उठून आत जायची. एकदा मी तिच्या मागे गेले, तर ती चुलीपुढे उभी राहून म्हणत होती, "आत्याबाई, आज सांगतोच मी सगळ्याइले." आत्याबाई मागोमाग आल्याच होत्या. म्हणाल्या, "गप. भात पाय, खाली लागून राह्यला." भात लागला नव्हता. आम्ही तिघींनी झाकण काढून पाहिलं.

काही वर्षांनी आत्याबाई गेल्या. फार दुखणं नाही काढलं. तेरवीला मी बालाघाटहून गेले. ताई तोवर शाळेत चांगली मुरली होती, गावातली माणसं तिला उठून जागा द्यायची. मांडवात पंगती उठल्यावर मामाजी खाटेवर बसले होते, पार खचलेले, आणि कोणाला तरी त्यांना बोलतं करायचं म्हणून त्यानं विचारलं, "ते शेणाचं काय झालतं हो, दादा?" मामाजींनी डोळे पुसले आणि सांगायला लागले. तेच सगळं. दिल्लीचे साहेब, मशीन, आमची बुढी. सांगता सांगता ते हसत होते आणि रडतही होते. "लय अडाणी होती," म्हणाले, "पर लय चांगली होती."

ताई वाढायचं भांडं खाली ठेवून पुढे आली. सगळ्यांसमोर उभी राहिली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बोलते तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "मामाजी, ते शेण म्या टाकलं होतं. आत्याबाईनं नाई. त्याइनं माह्यासाठी अंगावर घेतलं."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं हाय मामाजी. म्या डोळ्यानं पायलं."

मामाजींनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा विरघळला. ते उठले, ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "तू तं शिकलेली पोरगी," ते म्हणाले. "तू काहून शेण टाकशीन?" मग लोकांकडे वळले. "पाहा. सून असावी तं अशी. मेलेल्या सासूचा दोष आपल्या डोक्यावर घेऊन राह्यली. आन् बहीण बी तिच्या मागं उभी हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं ताईच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ताई तोंड उघडून उभी होती, काहीतरी बोलणार होती, पण लोक तिचंच कौतुक करत होते आणि त्या गलक्यात तिचं कोणी ऐकत नव्हतं. मग ती वळली, गोठ्यात गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारापर्यंत गेले. आत ती आत्याबाईंच्या बादलीत शेण कालवत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत.